पगार झाला की पाच दिवसांत खातं रिकामं, यातून बाहेर पडलेलं कुणी आहे का इथे?

उंबरठ्यावर
नमस्कार मंडळी, लिहू की नको करत खूप दिवस गेले, आज लिहितोच. मी नोकरी करतो, बायको अर्धवेळ काम करते, घरात उपाशी कुणी राहत नाही, पण एक जरी अचानक खर्च आला की सगळं गडगडतं. तीन कर्जं आहेत, एक बँकेचं, एक क्रेडिट कार्डचं आणि एक मोबाईल ॲपवरून घेतलेलं छोटं. पगार होतो 7 तारखेला आणि बँकेचा हप्ता कटतो 3 तारखेला, म्हणजे दर महिन्याला एकतर हप्ता बाऊन्स होऊन दंड बसतो नाहीतर कुणाकडून तरी हातउसने घ्यायचे आणि पगार झाला की ते फेडायचे, याची टोपी त्याला असं चाललंय दोन वर्षं. गेल्या आठवड्यात मुलाच्या बुटाचा तळ सुटला, मी चिकटवत बसलो होतो तर तोच म्हणाला, बाबा पगार झाल्यावर घेऊ, घाई नाहीये. 9 वर्षांचा आहे तो. त्या रात्री झोप लागली नाही. सगळे सांगतात बचत करा बचत करा, पण कशातून करायची? कमी करायला आता काही उरलंच नाहीये.

सावकाश_चालणारी
दादा, वाचून गलबलून आलं, कारण मी 4 वर्षं अशीच काढलीयेत. तुमचं सगळ्यात मोठं दुखणं मला 3 आणि 7 मधले ते चार दिवस वाटतंय. आधी बँकेत जा आणि हप्त्याची तारीख पगारानंतरची करून मागा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. माझ्या वेळी पहिल्यांदा नाही म्हणाले, दुसऱ्यांदा गेले तेव्हा वरच्या साहेबांना भेटले आणि झालं. सगळीकडे होईलच असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. दंड थांबला ना की तीच तुमची पहिली बचत, ती वेगळ्या खात्यात टाका, ज्याचं कार्ड खिशात नसेल आणि जे मोबाईलवर दिसणार नाही असं. फक्त एका आठवड्याचा घरखर्च साठेपर्यंत. मला तेवढ्याला 7 महिने लागले. मग एकदा नवऱ्याची गाडी बंद पडली, दुरुस्तीचे पैसे मी त्या खात्यातून काढले आणि कुणालाही फोन करावा लागला नाही. गॅरेजच्या बाहेर उभी राहून रडले मी त्या दिवशी.

मुद्दल_व्याज
तारखेचं ताईंनी सांगितलंय ते आधी कराच. मी कर्जाच्या क्रमाबद्दल सांगतो. ॲपवाल्या कर्जाचा व्याजदर महिन्याचा आहे का वर्षाचा ते नीट बघा, ते बहुतेक वेळा महिन्याचा सांगतात आणि तो छोटा वाटतो. महिना 10 टक्के असेल आणि व्याज थकत जाऊन मुद्दलात मिसळत गेलं तर आठव्या महिन्यात रक्कम दुपटीच्या वर जाते. कार्डला महिना 3 टक्के धरले तर काहीच न भरता ती 24 महिन्यांत दुप्पट होते. आणि फक्त किमान रक्कम भरत असाल, समजा थकबाकीच्या 5 टक्के, तर भरलेल्या शंभरातले साठ व्याजातच जातात, म्हणून तो आकडा हलत नाही, तुमची काही चूक नाही त्यात. दर जास्त ते कर्ज आधी मारा, बाकीच्यांना किमान भरत राहा. काही लोक सांगतात सगळ्यात लहान कर्ज आधी संपवा म्हणजे हुरूप येतो, तेही खोटं नाही, पण तुमचं लहान कर्ज हेच महागडं दिसतंय, त्यामुळे प्रश्नच मिटला. आणि ते फिटलं की त्याचा हप्ता घरखर्चात विरघळू देऊ नका, तो तसाच्या तसा कार्डवर वळवा.

कोरडा_पाऊस
माझं मत जरा वेगळं आहे. शिस्त, नियोजन हे सगळं ठीक, पण ज्याची ओढाताण चालू आहे त्याचं डोकंच त्यात अडकलेलं असतं. 2013 साली सायन्स या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास आला होता, मुल्लैनाथन, शफीर वगैरे मंडळींचा. तोच शेतकरी पीक हातात यायच्या आधी, पैशाची चणचण असताना, विचार करायच्या चाचण्यांत कमी पडायचा आणि पैसे आल्यावर सुधारायचा. माणूस तोच. तेव्हा स्वतःला नालायक समजणं आधी बंद करा. माझी कमाई रोजंदारीची, कधी आहे कधी नाही, म्हणून मी सगळ्यात वाईट महिन्याची कमाई धरूनच घर चालवतो, वर आलं ते बाजूला. आणि वर्षातून एकदा येणारे खर्च, शाळेची फी, विमा, ते लिहून काढून 12 ने भागतो, कारण अचानक अचानक म्हणतो त्यातले निम्मे खर्च आपल्याला आधीच माहीत असतात. पण खरं सांगू का, कमाईच अपुरी असेल तर नुसत्या वहीने पोट भरत नाही, कामाचे तास वाढवता येतात का, काही सरकारी मदत लागू होते का, तेही बघा, त्यात कमीपणा कसला?

उंबरठ्यावर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पोरगं झोपल्यावर आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. ॲपचा दर खरंच महिन्याचा निघाला, मी दोन वर्षं वर्षाचा समजत होतो. तीन कर्जं लिहून झाली आणि बायको बराच वेळ गप्पच बसली, मग म्हणाली अजून एक लिहा. तिने बहिणीकडून उसने घेतलेत, दोनदा, मला ताण नको म्हणून बोलली नव्हती. आता कागदावर चार नावं आहेत. तारखेचा अर्ज तिनेच लिहिलाय, तिचं अक्षर चांगलं आहे. सकाळी बँक उघडली की जातोय, काय म्हणतात ते इथे कळवतो.