अंगावरून वारं गेलंय, ॲक्युपंक्चर करावं का? लवकर सांगा

खानापूरकर: आप्पांच्या डाव्या अंगावरून वारं गेलंय. परवा दवाखान्यातनं घरी आणलं. हात लोळागोळा पडलाय. गावात जो तो म्हणतोय, सुया टोचून घे, हात उठतो. बेळगावात चांगलं कोण करतं? किती दिवस लागतात? आधीच उशीर झालाय.

निपाणीची_काकू: बाळा, झालं कधी? मेंदूत गुठळी की रक्तस्राव? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? यातलं काहीच लिहिलं नाहीस.

गडहिंग्लजकर: एवढं विचारत बसायचं कशाला? माझ्या चुलत्यांना पंधराव्या दिवशी सुया सुरू केल्या, करंटच्या. महिन्याभरात काठी धरून परसात गेले. बिनधास्त करा.

चिकोडी_फिजिओ: चुलते चालले याचा आनंदच आहे. पण पहिल्या तीन महिन्यांत बरीच ताकद आपली आपणच परत येते, मग श्रेय सुयांना कसं द्यायचं? कॉक्रेन म्हणजे उपचारांवरचं संशोधन तपासणारी संस्था, तिच्या २०१६ च्या आढाव्यात ३१ चाचण्या तपासल्या. थोडा फायदा दिसला, पण बहुतेक चाचण्याच कच्च्या, म्हणून सरसकट करा असं त्यांनी म्हटलेलं नाही.

गडहिंग्लजकर: आढावा तुमच्यापाशी राहू दे, मी डोळ्यांनी बघितलंय.

सीमाभागी: आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस डॉक्टरांच्या पथकातनं चीनला गेले होते, ही विद्या त्यांनीच आणली ना?

निपाणीची_काकू: नाही हो, ते तिकडेच १९४२ साली वारले. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बसू नंतर चीनला जाऊन शिकून आले.

नंदगडचा_मामा: पारव्याचं रक्त चोळा, आमच्याकडं तेच करतात.

चिकोडी_फिजिओ: मामा, कृपा करून हे नका सांगू. त्यानं काही होत नाही, दिवस मात्र जातात.

तालुका_मदत: दिव्यांग कार्डाचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. कन्नड अडत असेल तर मी भरून देतो.

खानापूरकर: कार्ड नकोय मला! फाईल बघितली. ११ दिवस झाले, गुठळी, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू. काखेत हात घालून उठवून बसवतो, तेव्हा खांदा दुखतो म्हणतात. पाणी पाजलं की ठसका लागतो, पण तो म्हातारपणाचा असेल.

चिकोडी_फिजिओ: थांबा! ठसका म्हातारपणाचा नाही. घशाचे स्नायू ढिले पडलेत, पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडानं काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. आजच दवाखाना गाठा, गोळ्या कशा द्यायच्या तेही तिथंच विचारा. काखेत धरून ओढू नका, खांदा निसटतो. हाताखाली उशी ठेवा, दर दोन तासांनी कूस बदला. सुया करायच्याच असतील तर नंतर, डॉक्टरांना गोळ्या दाखवून, नवीन निर्जंतुक सुयांनी, आणि व्यायाम न सोडता. पेसमेकर असेल तर करंट नको.

निपाणीची_काकू: आणि आज काही पाजलंस का?

खानापूरकर: सकाळी चहा पाजला, अर्धा ओठाच्या कडेनं उशीवर गळला. रिक्षा बोलावलीय, निघतो.