अभंगांच्या पेटीवर पांडुरंगाचा फोटो हवा की नको?

टाळकरी_वडगाव
राम कृष्ण हरी मंडळी. बेळगावातल्या वडगावच्या आमच्या भजनी मंडळाने बारा अभंग रेकॉर्ड करून घेतलेत. पेनड्राइव्ह आणि शब्दांची पुस्तिका पुठ्ठ्याच्या पेटीत घालून कार्तिकीच्या आधी ५०० पेट्या तयार करायच्या आहेत. गाण्यावर कुणाचं दुमत नाही, वाद पेटीवरून पेटलाय.

मी केलेलं डिझाइन असं: खादीसारखा पांढरट कागद, मधोमध एका रेघेत काढलेली वीणा, खाली बारीक अक्षरांत नाव. बस्स. मंडळातली थोरली माणसं म्हणतात, वर पांडुरंग हवा, बुवांचा फोटो हवा आणि पखवाजापासून कोरसपर्यंत सगळ्यांची नावं हवीत.

यात्रेतल्या कुठल्याही स्टॉलवर बघा. तोच निळा विठोबा, मागे तीच सोनेरी किरणं. त्या ढिगात आमची पेटी कोण उचलणार? माझ्या वयाची पोरं तर लांबूनच पुढे जातात. अमेरिकेत तबकड्या साध्या तपकिरी पाकिटात विकायचे, तेव्हा १९४०च्या आगेमागे कोलंबिया कंपनीतल्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइसने त्यावर चित्रं काढायला सुरुवात केली. वेगळं दिसलं म्हणून लोक थांबले. पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या १९७३च्या अल्बमच्या पुढच्या बाजूला ना नाव, ना फोटो. काळ्यावर एक लोलक आणि त्यातून जाणारा उजेड. आजही लोक तो बघताक्षणी ओळखतात. आपल्याला असं का जमू नये?

मास्तर_खानापूर
बाळ, तुझी तळमळ कळली, पण उदाहरण चुकलं. ज्याचं नाव आधीच गाजलंय त्याला ते झाकून चालतं. तुमचं मंडळ वडगाव-शहापूरच्या पलीकडे कोण ओळखतो? पेटी घेणारी माणसं कोण, ते आधी ठरव. सप्ताहाला येणाऱ्या बाया, दिंडीतले शेतकरी, पहाटे काकड्याला उठणारी म्हातारी माणसं. त्यांनी ती वीणा बघून काय समजायचं? शास्त्रीय वादनाची पेटी समजतील आणि ठेवून देतील. पांडुरंग दिसला की कळतं, हे आपलं.

आणि चेहऱ्याला कमी लेखू नकोस. भीमसेन जोशी गदगकडचे. मराठीत अभंग गायले, कन्नडमध्ये दासपदं, म्हणजे हरिदास संतांची पदं, गायली. ज्याला एकच लिपी येते त्यालाही रेकॉर्डवरचा तो चेहरा वाचता येत होता. आमच्या घरी कॅसेट होती, डबीतलं चित्राचं इनले कार्ड घडीवर फाटलेलं, तरी आईने ते टाकू दिलं नाही. देवघरात कोनाड्याला टेकवून ठेवलं होतं. रोज फुलं त्याच्यापुढेही. तुझी रेघेची वीणा कुणी देवघरात ठेवेल का, सांग.

निपाणीकर
मास्तरांशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. एलपीचं पाकीट बारा इंची, कॅसेटचं कार्ड जेमतेम चार इंच, सीडीचं बारा सेंटिमीटर आणि आता फोनवर नखाएवढं. हे अभंग तुम्ही यूट्यूबवर टाकणारच ना? मग त्या नखावर ती बारीक रेघ दिसणारच नाही, पांढरा चौकोन दिसेल. साधं असावं हे मान्य, पण साधं म्हणजे नाजूक नव्हे. रेघ जाड कर, रंग एकच पण ठसठशीत घे.

छापखाना_शहापूर
तीस वर्षं कागदात आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

एक तर तो खादी रंगाचा खरखरीत कागद विसर. भजनात सगळ्यांच्या बोटांना बुक्का असतो. पहिल्या एकादशीला पेटी काळी होईल आणि खरखरीत कागदावरून बुक्का निघत नाही. ३०० जीएसएमचं, म्हणजे जाड आणि गुळगुळीत, आर्ट कार्ड घे, वर लॅमिनेशन कर. मॅट दिसायला छान, पण त्यावर बोटं उमटतात. ग्लॉस ओल्या फडक्याने पुसता येतं. गडद रंग घेणार असशील तर लॅमिनेशन हवंच, नाहीतर घडीवर पांढऱ्या चिरा पडतात.

दुसरं, भगवा. माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. एका सप्ताहाच्या सीडीचं कव्हर होतं, स्क्रीनवर भगवा नुसता पेटलेला. छापून आला तो विटकरी. स्क्रीनवरचा रंग उजेडाचा, छपाईतला चार शाईंचा, त्यात ती धग येत नाही. पिवळा वाढवून पुन्हा छापावं लागलं, पहिल्या छपाईचा खर्च मी सोसला. तेव्हा आधी कागदावर प्रूफ काढ, तेही दिवसाच्या उजेडात बघ, मगच हो म्हण.

फोटो की रेघ, त्यावर मी बोलत नाही. पण फोटो लावणार असाल तर इंटरनेटवरून उतरवलेला आणू नका. छापल्यावर त्याचे चौकोन दिसतात आणि देवाचा चेहरा फुटलेला बघवत नाही.

टाळकरी_वडगाव
काका, बुक्क्याचं खरंच लक्षात आलं नव्हतं. खादी कागद रद्द. पण मास्तर, देवघरात ठेवण्यासाठी लोकांकडे फोटो आहेत की. ही गाण्याची पेटी आहे.

अनगोळची_पोर
मी या पोराच्या बाजूने. माझी भाची कोरियन गाणी ऐकते, सगळी फोनवर. तरी पैसे साठवून अल्बमची पेटी मागवली. आत जाड फोटोपुस्तक आणि एका गायकाचं छोटं कार्ड. कुठल्या गायकाचं, ते उघडल्याशिवाय कळत नाही. एकाच अल्बमची दोन-तीन आवरणंही काढतात. तिने त्यातली सीडी लावलेलीच नाही, घरी लावायला काही नाहीच. पेटी आता ऐकण्यासाठी कुणी घेत नाही, जवळ ठेवण्यासाठी घेतात. मग जवळ ठेवावीशी वाटेल अशीच करा ना. आत एक कार्ड घाला, एका बाजूला अभंग, दुसऱ्या बाजूला मंडळातल्या एकेकाचा फोटो.

मास्तर_खानापूर
कार्ड घाला, पण ते नशिबाचं नको. कुठलं निघेल या आशेवर पोरांनी चार-चार पेट्या घ्यायच्या, हे नामाच्या कामात शोभत नाही. प्रत्येक पेटीत सगळी कार्डं सारखी हवीत.

अनगोळची_पोर
मान्य, सर. सगळ्यांना सारखीच.

गोकाकची_सून
माहेर खानापूर, सासर गोकाक. सगळे पुढच्या बाजूवरून भांडूलेत, पुस्तिकेचं कोणीच बोलत नाही. माझी मुलं घरात मराठी बोलतात, शाळा कन्नड. देवनागरी अक्षर लावत लावत वाचतात, कन्नड धावत. आजीबरोबर भजनाला बसतात तेव्हा तोंडपाठ तेवढंच म्हणतात. अभंगाचे शब्द डाव्या पानावर देवनागरीत आणि उजव्या पानावर कन्नड लिपीत छापा. भाषा मराठीच राहते, नुसतं अक्षर बदलतं. अशी पेटी आमच्याकडे दहा घरं तरी घेतील.

निपाणीकर
वहिनी, याला माझा विरोध आहे. अक्षर सुटलं की हळूहळू सगळंच सुटतं. या भागात मराठी शाळा टिकवायला लोक धडपडतात आणि आपणच मुलांना सांगायचं की देवनागरी नाही आली तरी चालतं? पुस्तिका मराठीतच हवी, अक्षर मोठं करा.

गोकाकची_सून
दादा, अक्षर यायची वाट बघत बसले तर अभंगही जाईल. आधी तोंडात बसू दे. शेजारच्या पानावर देवनागरी आहेच, त्या निमित्ताने डोळा तिकडे जाईल. आणि हे काम करायला गाणाराच माणूस घ्या. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व वेगळे, दीर्घ वेगळे. नुसत्या लिपी बदलणाऱ्यावर सोपवलं तर 'देव' आखूड होईल आणि चाल बिघडेल.

टाळकरी_वडगाव
काल रात्री एकादशीच्या भजनाला दोन डमी घेऊन गेलो होतो. एक रेघेची, निपाणीकरांनी सांगितली तशी जाड करून. एक थोरल्यांच्या मनासारखी, विठोबाचा आणि बुवांचा फोटो लावून. पहिल्या रांगेतल्या आज्जींच्या हातात दोन्ही दिल्या. त्यांनी दोन्हींची पुढची बाजू क्षणभर बघितली आणि पेटी उलटी केली. हात लांब करून ट्यूबलाइटखाली धरली आणि मागच्या यादीवरून बोट फिरवूलागल्या. मला वाटलं अभंग शोधतायत. त्या कोरसमधल्या नातवाचं नाव शोधत होत्या. मी नावं सात पॉइंटाच्या बारीक अक्षरात घातलेली. दिसेनात, तेव्हा मलाच म्हणाल्या, "वाच गा जरा." मी सगळी सतरा नावं वाचली. नातवाचं आलं तेव्हा तिथे बोट ठेवून थांबल्या.

तर मागच्या बाजूला नावं बारा पॉइंटात, एकाखाली एक, सगळी. पुस्तिका दोन्ही लिप्यांत. निपाणीकर, तुमचा राग मान्य करून, देवनागरी डावीकडे आणि मोठी. पुढच्या बाजूबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही.

मास्तर_खानापूर
सतरा नावं मोठी केलीस, बरं केलंस. पुढच्या बाजूवर माझंही मत बदललेलं नाही. शुक्रवारी बेळगावला येतोय. तुमच्याच देवळातल्या मूर्तीचा पहाटेचा फोटो काढून घेऊ, अभिषेकानंतरचा, हार-मुकुट घालायच्या आधीचा. नुसता काळा दगड आणि त्यावरचं पाणी. किरणं नकोत, मागे निळं नको. तो लावून तिसरी डमी कर आणि तीही आज्जींच्या हातात दे.