मदत हवी आहे: डोळा लाल आणि औषध टीबीचं?

अंजनवेल: बहिणीचा डावा डोळा लाल आहे, दुखतो, अंधुक दिसतं. डॉक्टरांनी मॉन्टू (टीबीसाठी हाताच्या त्वचेत टोचून करतात ती चाचणी) करून थेट टीबीच्या गोळ्या लिहिल्या. खोकला नाही, ताप नाही. सुरू करायच्या का? उद्याच आणायच्यात.

खाडीकाठ: मॉन्टू किती मिलिमीटर? घट्ट सूज मोजली की नुसता लालपणा? ४८ ते ७२ तासांत वाचली का? बाहुली मोठी करून पडदा पाहिला?

रानआंबा: मॉन्टूवर जाऊ नका, बीसीजीमुळेही उठते. इग्रा करा, ती टीबीची रक्तचाचणी.

खाडीकाठ: बीसीजीमुळे इग्रा फसत नाही, खरंय. पण सुप्त टीबी कुठला आणि चालू कुठला हे तीही सांगत नाही. त्यासोबत व्हीडीआरएल, टीपीएचए या सिफिलिसच्या रक्तचाचण्या हव्यातच. सिफिलिस डोळ्यात हुबेहूब असाच दिसतो.

भातखाचर: लावणीला चिखलात उतरली होती का? लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा ताप) बरा झाल्यावर काही महिन्यांनीही डोळ्यात दाह येतो.

अंजनवेल: शेती नाही आमची. मॉन्टू १८, इग्रा पॉझिटिव्ह, टीपीएचए निगेटिव्ह. पडद्यावर रक्तवाहिन्यांभोवती पांढरट थर, कडेला रक्तस्राव असं लिहिलंय. छातीचा एक्स-रे नॉर्मल.

खाडीकाठ: ताई, हे आधी सांगायचं! असा पडदा आणि हे रिपोर्ट एकत्र आले की टीबीचा संशय पक्का होतो. एक्स-रे नॉर्मल म्हणून टीबी नाही असं होत नाही. एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या बारीक सीटी स्कॅनमध्ये, लहान गाठी सापडतात. डोळ्याच्या आतल्या पाण्याचा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) बऱ्याचदा निगेटिव्ह येतो, कारण जंतू फार थोडे असतात.

त्रिफळा_प्रेमी: त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा, उष्णता जाईल.

रानआंबा: दाह डोळ्याच्या आत आहे, तिथे ते पाणी पोचत नाही. उलट बाहेरून जंतू जातील. माझी हरकत टीबीच्या गोळ्यांतल्या एथॅम्ब्युटॉलला आहे. डोळ्याच्या रुग्णाला ते नकोच, डोळ्याची नस जाते.

खाडीकाठ: नकोच कसं? धोका मात्रेवर आणि मूत्रपिंडावर असतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) आणि लिव्हरची तपासणी आधी करा. दृष्टी आणि रंग ओळखण्याची चाचणी सुरुवातीला, मग दर महिन्याला, एकेक डोळा झाकून. लाल रंग फिका दिसला की त्याच दिवशी दाखवायचं. नुसत्या स्टिरॉइडवर डोळा शांत होतो आणि बंद केलं की पुन्हा पेटतो, म्हणून टीबीची औषधं सोबत लागतात. टीबीच्याच रिफॅम्पिसिन या औषधामुळे स्टिरॉइडचा असर घटतो, हे डॉक्टरांना विचारा. पहिल्या काही आठवड्यांत दाह वाढू शकतो. गोळ्या सोडू नका, डोळा दाखवा.

भातखाचर: निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद करा. महिना १००० रुपये मिळतात, सरकारी गोळ्या फुकट.

अंजनवेल: पैशाचं नाही विचारलं. टीबीची औषधं एकत्र असलेल्या चार गोळ्या रोज लिहिल्यात. वजन ४७.

खाडीकाठ: ३५ ते ४९ किलोला तीन. एका गोळीत एथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. तीन म्हणजे ८२५, किलोमागे साडेसतरा. चार घेतल्या तर २३ च्या वर. स्वतःहून कमी करू नका, सकाळी चिठ्ठी आणि वजन घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळ्या त्यानंतर घ्या.

अंजनवेल: क्रिएटिनिन झालंच नाही. आधी ते करते.