सोनोग्राफीच्या बाकावर: तुमचे अनुभव

मुग्धा_ठाणे
काल नणंदेला घेऊन सोनोग्राफीला गेले होते (पित्ताशयात खडे आहेत, बाकी काही नाही). समोर एक मुलगी बसलेली, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्याने नवऱ्याची बाही घट्ट धरलेली. मला माझं २०११ आठवलं. गरोदरपणाचा सहावा आठवडा, सकाळी डाग दिसला, रिक्षात आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. डॉक्टर पडद्याकडे बघत गप्प. मग म्हणाले, गर्भाची पिशवी दिसतेय, बाळ अजून दिसत नाही, दहा दिवसांनी या. ते दहा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. माझी पाळी चाळीस चाळीस दिवसांनी यायची, म्हणून तारखांचा हिशोबच चुकला होता! दहा दिवसांनी तांदळाएवढं काहीतरी आणि त्यात लुकलुकणारा ठिपका. ठिपका आता आठवीत आहे आणि माझा मोबाइल देत नाहीये.
तुम्हीही लिहा. शेवट गोडच हवा असं नाही.

झुणका
मी चार ग्लास पाणी पिऊन सव्वा तास दाबून बसले. आत गेल्यावर म्हणाल्या, आतून (योनीमार्गातून) करायचीय, आधी बाथरूमला जाऊन या 😭

अबोली२
माझं नाही राहिलं. नऊ आठवडे समजून गेले. बाळ ८ मि.मी., ठोके नाहीत. ७ मि.मी.च्या पुढे ठोके दिसायलाच हवेत म्हणे. तरी दुसऱ्या डॉक्टरांनीही बघून खात्री केली. एक थेंब रक्त गेलं नव्हतं, मळमळ चालूच. सासूबाई म्हणाल्या स्कूटर चालवलीस. नंतरच्या डॉक्टर म्हणाल्या, एवढ्या लवकर जातं तेव्हा बऱ्याचदा गुणसूत्रांतच घोळ असतो. पण स्कूटर मी विकली ती विकलीच.

झुणका
अबोली 🫂 माझ्या वाट्याला पपई आली होती. एक फोड.

सांगलीकरीण
मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला. पाचव्या आठवड्यात लाल गेलं, फोन केला तर म्हणे दुखत नसेल तर आता स्कॅन नाही, सात-दहा दिवसांनी घरीच टेस्ट करा, पॉझिटिव्ह आली तर या. आईला फोनवर पटेचना, "डॉक्टर बघत नाही म्हणजे काय गं?" आता कळतं, तेव्हा दिसलंही काही नसतं. पण कुणीतरी बघायला हवं होतं.

वैदेही_प
पिशवीच्या बाजूला रक्त साठलं होतं. दोन महिने पलंगावर. दुसऱ्या वेळी वेगळ्या डॉक्टर, त्या म्हणाल्या पडून राहिल्याने गर्भ टिकतो असं काही सिद्ध झालेलं नाही, चाला फिरा. म्हणजे ते दोन महिने 🙄 नवरा मात्र वरण शिकला.

रानफूल
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. टेस्ट पॉझिटिव्ह आणि गर्भाशयात काहीच दिसत नाही, एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, तर दहा दिवस थांबू नका. माझा गर्भ नळीत होता. आधी ४८ तासांच्या अंतराने रक्तातलं गरोदरपणाचं हार्मोन तपासलं, आकडा जेमतेम हलला, त्याच रात्री ऑपरेशन. शिवाय रक्तगट निगेटिव्ह असेल तर आधीच सांगा, इंजेक्शन लागू शकतं.

झुणका
आणि आधार कार्ड न्या. रक्त जात होतं आणि काउंटरवर फॉर्म एफ भरत बसले.

मुग्धा_ठाणे
तो भरावाच लागतो गं, गर्भलिंगाच्या कायद्यामुळे. पण खुर्ची तरी द्यावी.

अबोली२
वैदेही, वरणात हिंग आधी की नंतर? आमच्याकडे यावरून रोज भांडण.

वैदेही_प
फोडणीत! मुग्धा, नणंदेच्या खड्यांचं काय झालं?

मुग्धा_ठाणे
१२ मि.मी.चा आहे एक. दिवाळीनंतर काढू म्हणते.