संत्र्याची बी, हॉलमधली कुंडी आणि नववं वर्ष

गावभागकर, सांगली

परवा एक पोस्ट वाचली आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. "खाल्लेल्या संत्र्याची बी फेकू नका. कुंडीत लावा, हॉलच्या कोपऱ्यात ठेवा, दोन वर्षांत घरची संत्री खा." सोबत फळांनी लगडलेल्या बुटक्या झाडाचा फोटो. त्या फोटोत बुंध्यावर कलमाची गाठ स्पष्ट दिसतेय, म्हणजे झाड बीचं नाहीच, पण बघतो कोण? खाली सगळे "वा, उद्याच लावते".

लावा. माझ्याकडे आहे तसलं झाड. २०१६ च्या डिसेंबरात थोरलीने दह्याच्या कपात सात बिया लावल्या, पाच उगवल्या, शेवटी एक राहिलं. आता नववं वर्ष चालू आहे. झाड माझ्या डोक्यावरून गेलंय, काटे दीड इंचाचे, पडदा दोनदा फाटलाय. फूल? एकही नाही. २०१९ च्या पुरात कृष्णामाई घरात आली तेव्हा सौ.ने कागदपत्रांची पिशवी वर नेली, मी ही कुंडी नेली. ते अजून ऐकतोय. मिक्सर राहिला होता खाली.

तर सरळ सांगतो. बीच्या झाडाला आधी बाळपण काढावं लागतं, तोवर फूल येत नाही. लिंबाचं चार-पाच वर्षांत निघतं, संत्र्या-मोसंबीला त्याहून जास्त लागतात, आणि तेही जमिनीत, उन्हात. हे बाळपण नुसत्या वर्षांवर मोजत नाहीत, झाड किती पेरं वाढलं त्यावर असतं. घरात वाढ मंदावते, वर छताला टेकतंय म्हणून आपण दरवर्षी शेंडा छाटतो, म्हणजे जे काही पुढे सरकलेलं असतं तेही आपणच कापून टाकतो. खिडकीपासून सहा फुटांवर पेपर वाचता येतो म्हणून तिथे झाडाला ऊन मिळतं असं होत नाही.

ज्याला फळ हवंय त्याने कलम आणावं. बाकी लोकांना फुकटची स्वप्नं विकू नका.

सदरबझारची गच्ची, सातारा

काका, तुमच्या एका झाडाचा राग सगळ्या जातीवर काढू नका. मी २०१८ ला कागदी लिंबाच्या बिया लावल्या. सरबत केलं, बिया गाळणीत राहिल्या, तशाच ओल्या कुंडीत. पाचव्या वर्षी फुलं आली. पहिल्या वर्षी अकरा लिंबं धरली, त्यातली चार वाऱ्याने पाडली (साताऱ्याचा वारा माहीतच असेल), सात खाल्ली. यंदा मोजायचं सोडून दिलंय. शेजारच्या काकू न विचारता नेतात, त्यांनाही माहीत नसेल किती. बीपासून काही होत नाही म्हणणाऱ्यांनी येऊन सरबत पिऊन जावं.

गावभागकर, सांगली

ताई, तुमच्या नावातच उत्तर आहे. गच्ची! मी हॉलबद्दल बोलतोय. आणि कुंडी की अर्धा ड्रम?

सदरबझारची गच्ची, सातारा

अर्धा ड्रम. बरं, दिवसभर उन्हात. झालं समाधान? पण झाड बीचंच आहे ना?

निवृत्त कृषी सहायक, कराड

नमस्कार मंडळी. दोघंही अर्धं अर्धं बरोबर आहात, म्हणून भांडण मिटत नाहीये.

कागदी लिंबू आपल्याकडे बहुतेक बीपासूनच लावतात, त्यात काही नवल नाही. लिंबाच्या एका बीतून दोन-तीन कोंब येतात, पाहिलंय का कधी? त्यातला एक परागातून झालेला, बाकीचे थेट आईच्या पेशींतून आलेले, म्हणजे आईची नक्कल. बहुतेक वेळा जोमदार असतात ते नकलेचे, आणि जो मागे राहून कुढत बसतो तो बेभरवशाचा. म्हणून रोपवाटिकेत बुटकी, वेगळी दिसणारी रोपं उपटून टाकतात. लोक दया येऊन नेमकं तेच जपतात. संत्रं, मोसंबी याच प्रकारात येतात. पपनस आणि महाळुंग मात्र नाही. त्यांच्या बीत एकच कोंब, आणि तो कुणावर जाईल सांगता येत नाही. तेव्हा "बीपासून लावलं की आंबट-कडू फळ येतं" हे लोकांचं सरसकट विधान चूक आहे. लिंबू, संत्रं, मोसंबीचं फळ बहुतेक आईसारखंच येईल, फक्त तोवर तुमचं पोरगं कॉलेजला जाईल.

बीच्या झाडाचा एक फायदा कुणी सांगत नाही. ट्रिस्टेझासारखा विषाणू बीतून उतरत नाही, कलमाला बांधतात त्या डोळ्यातून, म्हणजे कळीतून, उतरतो. रोगट झाडाचा डोळा बांधलात तर रोग फुकट.

गावभागकर, एक विचारतो. मुलीने डिसेंबरात खाल्लेलं ते नागपुरी होतं की किन्नू? सालीला बोट लावताच सुटली असेल तर नागपुरी. चिकटून बसलेली साल आणि फोडीफोडीत बिया असतील तर किन्नू. तो मूळचा कॅलिफोर्नियाचा. फ्रॉस्ट या शास्त्रज्ञांनी १९१५ मध्ये किंग आणि विलोलीफ या दोन संत्र्यांचा संकर केला, १९३५ ला तो लागवडीसाठी बाहेर आला आणि पुढे पंजाबात रुजला. थंडीत आपल्या हातगाडीवर "नागपूर, नागपूर" म्हणून पुष्कळदा तोच असतो.

गावभागकर, सांगली

साल नखाने काढावी लागली होती. म्हणजे नऊ वर्षं मी पंजाबी पाळतोय. घरी सांगत नाही.

वाळव्याचा ऊसवाला

कुंडीतल्या एका झाडावर एवढं रामायण? पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात, असं होतंय का कुणाचं? व्हतंय ना? त्ये लोह कमी पडल्यालं हाय, युरिया टाकून काय उपेग न्हाय. बोअरचं जड पाणी आणि चुनखडीची काळी माती, मग मुळाला लोह दिसतंय पण घेता येत न्हाय. चिलेटेड फेरस, म्हंजी मुळाला घेता येईल असं लोह, द्या नायतर पावसाचं पाणी साठवून घाला.

आता तुमची एक कुंडी पिवळी पडली तर हितं चर्चेचा धागा निघतो. आमची पावणेदोन एकर क्षारपड झालीया, पाट आल्यावर पाणी सोडसोड सोडलं, निचरा कुणी बघितला न्हाय, आता वर पांढरा थर दिसतो. त्यावर कोण धागा काढणार? ऊस बी नीट येईना आणि शहरवाले संत्र्याला फुलं का येत न्हाईत इचारतायत.

सदरबझारची गच्ची, सातारा

भाऊ, काढा ना धागा, आम्ही वाचू. पण हा नाही तो.

वाळव्याचा ऊसवाला

वाचून काय व्हतंय.

कलमाने फसलेला, विटा

गावभागकर "कलम आणा" म्हणतात ते ऐकून हसू आलं. मी आणलं होतं. रोपवाल्याने मोसंबीचं कलम म्हणून दिलं, चिठ्ठी बांधलेली, चांगले पैसे घेतले. पहिल्या उन्हाळ्यात वरचा डोळा वाळला, खालून जोरदार फूट आली. मी खूश, म्हटलं धरलं झाडाने. पाच वर्षं पाणी घातलं. फळं आली ती पिवळी, सालीवर खडबडीत, तोंडात घालवेना. जंबेरी! ज्यावर डोळा बांधतात तो खुंटच वाढवला होता मी पाच वर्षं. तेव्हा कलमाच्या गाठीखालून काहीही फुटलं की त्याच दिवशी खुडा. आणि कलमाचं कौतुक मला सांगू नका.

निवृत्त कृषी सहायक, कराड

चिठ्ठी झाडाला नसते, गिऱ्हाईकाला बांधलेली असते.

आमच्या सासूबाई म्हणतात

काटेरी झाड घरात नको, भांडणं होतात.

गावभागकर, सांगली

आमच्याकडे झाड यायच्या आधीपासून होतात.

मिरजकर आई

मुख्य प्रश्न राहू दे, मला वेगळीच अडचण आहे. आमच्या गॅलरीत बीपासून आलेलं लिंबाचं रोप आहे, वीतभर. धाकटी तिसरीत आहे. तिला पानावर पक्ष्याची शीट दिसली, पुसायला गेली तर ती हलली. अळी होती. काळपट, मधे पांढरा पट्टा, अगदी चिमणीची शीट. चार दिवसांत तीच अळी हिरवीगार, बोटाएवढी जाड. काडी लावली की डोक्यामागून नारिंगी दोन शिंगं बाहेर काढते आणि सडक्या लिंबासारखा वास सोडते. पोरगी तिला दिवसातून दहा वेळा काडी लावते. आता रोपाला तीन पानं उरलीत आणि अळ्या चार आहेत. काय करू?

कडुनिंब, इस्लामपूर

काय करू म्हणजे? चिमटीत धरून चिरडा किंवा साबणाच्या पाण्यात टाका. पुढच्या खेपेला कोवळी फूट आली की निंबोळी अर्क फवारा, अंडी पिवळट टाचणीच्या डोक्याएवढी असतात, ती बोटाने पुसून टाका. लिंबावरची अळी म्हणजे शत्रू नंबर एक. कागदी लिंबाच्या रोपवाटिका दोन दिवसांत बोडक्या होताना पाहिल्यात मी.

मिरजकर आई

चिरडा! तिसरीतल्या पोरीसमोर? तिने नावं ठेवलीत त्यांना.

कडुनिंब, इस्लामपूर

मग झाड लिंबासाठी लावलंय की अळ्यांसाठी, ते आधी ठरवा. नावं ठेवून शेती होत नाही.

सदरबझारची गच्ची, सातारा

शेती? गॅलरीतली एक कुंडी आहे ती! तुम्ही लोक आठ इंचाच्या कुंडीत पण फवारणीचं वेळापत्रक लावणार. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी आहे, काळ्यावर पिवळसर ठिपके आणि मागच्या पंखाला एक लाल टिकली. साधारण दोन-तीन आठवडे खाते, मग काडीला रेशमाचा पट्टा बांधून कोष करते, आठ-दहा दिवसांत उडते. माझ्या ड्रमवर दर पावसाळ्यात असतात. मोठं झाड त्यांना पुरून उरतं.

कडुनिंब, इस्लामपूर

तुमचं मोठं आहे, त्यांचं वीतभर. तीन पानांवर चार अळ्या म्हणजे झाडही गेलं आणि अळ्याही उपाशी मेल्या. हे भूतदयावाले हिशोब कधी करत नाहीत. उद्या तुमच्याच फुलपाखराने शेजारच्या बागेत अंडी घातली तर भरपाई देणार का?

सदरबझारची गच्ची, सातारा

फुलपाखरू परवाना काढून उडत नाही, साहेब. आणि तुमच्या भागात बाग आधी विषाने मरते की अळीने ते आरशात बघा.

निवृत्त कृषी सहायक, कराड

शांत व्हा. कडुनिंबांचं रोपवाटिकेबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, नवी फूट खाल्ली की रोप खुरटतं, हे मी नोकरीत अनेकदा पाहिलंय. पण गॅलरीत काय करायचं ते आईने आणि मुलीने ठरवावं. मिरजकर ताई, कढीपत्त्यावरही याच घराण्यातल्या अळ्या येतात, पण ज्या अळीला लिंबाची चटक लागली ती दुसऱ्या पानाला तोंड लावेल याची खात्री नाही. लिंबाची किंवा संत्र्या-मोसंबीचीच, फवारा न मारलेली कोवळी पानं मिळवा. देठ ओल्या कापसात गुंडाळा, अळ्या बरणीत ठेवा, वरून ओढणी बांधा. रोज पानं बदला आणि लेंड्या काढा, नाहीतर बुरशी धरते.

कडुनिंब, इस्लामपूर

आता शासन अळ्या पाळायलाही शिकवणार. ठीक आहे, बरणीत आहेत तोवर माझं काही म्हणणं नाही.

मिरजकर आई

धन्यवाद सर. पण पानं आणू कुठून? बाजारात लिंबं मिळतात, पानं नाहीत. ओळखीत ज्यांच्याकडे झाड आहे ते सगळे फवारतात.

कलमाने फसलेला, विटा

माझं जंबेरी आहे, पण विट्याला. तुम्हाला लांब पडेल. नाहीतर अख्खं झाड घेऊन जा म्हटलं असतं.

सदरबझारची गच्ची, सातारा

गावभागकर काका, गप्प का? सांगली-मिरज केवढंसं अंतर. नऊ वर्षं फूल नाही, फळ नाही, पण पानं तर असतीलच की. आणि हॉलमध्ये असल्यामुळे तुम्ही कधी फवारलंही नसणार.

गावभागकर, सांगली

वाचतोय. तुमचा हेतू कळला. मी बीच्या झाडाला नावं ठेवायला धागा काढला आणि तुम्ही मला पानं पुरवायला लावताय.

पानं आहेत. भरपूर आहेत. फवारलेलं नाही, कारण आमच्या हॉलमध्ये एकही किडा आला नाही आजवर. किड्यांनाही ते झाड पसंत नसावं. गेल्या आठवड्यात छाटायचं म्हणून कात्री काढली होती, या धाग्याच्या नादात राहून गेलं. शेंड्याला नवी फूट आहे, तांबूस कोवळी.

थोरली आता पुण्याला असते. फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बाबा, झाड देऊन टाकू नका." मी कुठे देतोय.

मिरजकर आई

काका, झाड नकोच आहे. आठवडाभर पानं मिळाली तरी पुष्कळ.

गावभागकर, सांगली

रविवारी चारनंतर या, आधी फोन करा, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो. मुलीला आणा. काटे आहेत, पूर्ण बाह्यांचं काहीतरी घालून या. आणि एक अळी बरणीतून बघायला मिळाली तर बरं, शिंगं काढते म्हणताय ते पाहायचंय.

झाडावर सोडायची नाही मात्र.