शब्दचर्चा : अवधाण

प्रश्न : पायाला काटा लागून जखम चिघळली, तेव्हा आजी म्हणाली, "आता जांघेत अवधाण येईल." आणि आलंच! मला अवधान म्हणजे लक्ष एवढंच ठाऊक. हा तोच शब्द का? आणि पायाच्या जखमेनं जांघ का दुखावी?

उत्तर : अर्थ अगदी वेगळा, आणि बोलण्यात 'ण'च येतो. जखम एकीकडे आणि तिच्यापायी काखेत किंवा जांघेत दुखरी गाठ, ती अवधाण. "बोट पिकलं नि काखेत अवधाण आलं." जखमेच्या जागीच पू धरला तर ते गळू, अवधाण नव्हे. जखम आणि दूरची गाठ यांचं नातंच या शब्दात आहे, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

जांघच का? जंतू आत शिरले की पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून जखमेत जमतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी सर्वांत आधी, काही तासांतच. त्या जंतू गिळतात नि मरतात. पू मुख्यतः याच मेलेल्या पेशींचा. दुसऱ्या काही पेशी जंतूंचे अंश घेऊन लसिकावाहिन्यांतून, म्हणजे पेशींभोवतीचा पातळ द्रव (लसिका) वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, लसिका ग्रंथींपर्यंत जातात. पायाची लसिका जांघेतल्या ग्रंथींत येते, हाताची मुख्यतः काखेतल्या. तिथल्या असंख्य लिम्फोसाइटांपैकी (याही पांढऱ्या पेशीच) नेमका तो जंतू ओळखणाऱ्या थोड्याच असतात. त्या भराभर वाढतात, त्यांच्यातल्या काही प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला चिकटणारी प्रथिनं, तयार करू लागतात. ग्रंथी फुगते, तिचं आवरण ताणलं जातं आणि दुखतं. जखम बरी झाली की अवधाण हळूहळू उतरतं.

आणखी एक : जांघेतल्या गाठीला 'बद' असाही जुना शब्द आहे, पण तो गुप्तरोगाच्या गाठीसाठी जास्त वापरला जाई. १८९६ साली मुंबईत आलेल्या प्लेगमध्येही जांघेत, काखेत गाठी येत. तो 'गाठीचा प्लेग'. मानेवरच्या गाठींची रांग म्हणजे गंडमाळ, आणि ती बहुतेकदा क्षयाची.

प्रश्न : डॉक्टरांना 'अवधाण' सांगितलं तर कळेल?

उत्तर : मराठी मुलखात वाढलेल्या अनेकांना कळतं. सोबत जखम कुठे आहे तेही दाखवा. जखमेपासून वर लाल रेघ चढत असेल, थंडी वाजून ताप असेल, तर त्याच दिवशी जा. आणि कुठेही जखम नसताना आलेली, न दुखणारी, टणक, दोन-तीन आठवड्यांत न उतरणारी गाठ असेल, तर तिला अवधाण म्हणून घरी बसू नका, तपासून घ्या.