बोटांच्या सांध्यांचं अस्तर जाड झालंय. गोळ्या की इंजेक्शन?

लालबागची_सुई
मी घरी ब्लाउज शिवते. दोन्ही हातांची मधली बोटं मुळाशी सुजलीत. सकाळी तासभर मूठ वळत नाही, कात्री दाबवत नाही. डॉक्टर म्हणतात, आरए, म्हणजे सांध्यांना सूज आणणारा संधिवात. त्याच्या रक्ततपासण्यांत आरए फॅक्टर निगेटिव्ह, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह. सोनोग्राफीत लिहिलंय, सांध्याचं अस्तर जाड, डॉप्लरवर रक्तप्रवाह वाढलेला. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलंय. शेजारच्या काकू म्हणतात, ती कॅन्सरची गोळी! बोटातच स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर नाही का भागणार? गणपतीच्या ऑर्डरी तोंडावर आल्यात.

परळची_मामी
काकूंचं अर्धंच खरं. कॅन्सरला डोस कितीतरी मोठा. आपल्याला आठवड्यातून एकदाच, साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम. एकदाच हं! चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. मी रविवारी घेते, पाकिटावर पेनाने ‘रवि’ लिहून ठेवलंय. फॉलिक ॲसिड (ह्या गोळीचा त्रास कमी करणारं जीवनसत्त्व) वेगळ्या दिवशी.

इंजेक्शनने त्या एका सांध्याची सूज उतरते, पण आजार अख्ख्या अंगात असतो. किती बोटांना टोचून घेशील? गोळीचा गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात. तोवर डॉक्टर थोडं स्टिरॉइड देतात, तेही त्यांच्याच सांगण्याने. कुणी बिननावाची संधिवाताची पुडी दिली तर घेऊ नकोस, त्यात स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर, किडनीच्या तपासण्या वेळेवर. दारू बंद (आमच्याकडे हे फक्त ह्यांना जड गेलं, आणि गोळी मला!). मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांग.

हाताची_फिजिओ
सुजलेली बोटं चोळू नका, ओढून कडकड वाजवू नका. सकाळी कोमट पाण्यात हळूहळू मूठ उघडा-मिटा. कात्री स्प्रिंगची घ्या, आपोआप उघडते. कापड एका बैठकीत सगळं कापायचं नाही.

लालबागची_सुई
नणंद म्हणते, ऑपरेशन करून अस्तर काढतात म्हणे?

परळची_मामी
काढतात, पण औषधांनी एखादा सांधा ऐकतच नसेल तर. आजार आटोक्यात नसला की अस्तर परत वाढतं. तुझं तर आत्ताशी सुरू होतंय. दुसरं मत हवं असेल तर परळच्या केईएम हॉस्पिटलला ऱ्हुमॅटॉलॉजी (संधिवाताचा) विभाग आहे. जुने रिपोर्ट आणि सोनोग्राफीची फिल्म घेऊन जा, नुसता कागद नको.

लालबागची_सुई
बरं. बुधवारी रक्त देते, रविवारी पहिली गोळी. स्प्रिंगची कात्री दादरला मिळेल की भुलेश्वर गाठायचं?